इस्त्रीमावशी समुद्रात बसली

त्या मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पलीकडे, निळ्या दाराचं एक पाळणाघर होतं. नर्सबाया, सफाईवाल्या, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातल्या बाया, अशा सगळ्यांची पोरं सकाळी सातला तिथे जमा व्हायची आणि आईबापांची पाळी संपली की परत मिळायची. परत मिळायची ती धुऊन, पुसून, भांग पाडून आणि नखं कापून. एखाद्या आईला दारात क्षणभर शंकाच यायची, की हे नक्की आपलंच का? याचं सगळं श्रेय एकाच बाईचं होतं, आणि कुणाला तक्रार करायची असेल तर तीही तिच्याच नावावर. सगळं इस्पितळ तिला इस्त्रीमावशी म्हणायचं.

नाव उगाच पडलेलं नव्हतं. तिच्या पांढऱ्या एप्रनला अशी कडक इस्त्री असायची, की ती बसली की एप्रन मोडायचा नाही, तीच जरा मोडायची. सव्वीस वर्षं रोज वीसपंचवीस पोरांच्या राड्यात वावरून त्या एप्रनवर कुणी डाग पाहिला नव्हता. डाग यायचेच, पण ते कुणी बघायच्या आत एप्रन बदललेला असायचा. पाळणाघराच्या कपाटात तिचे चार एप्रन घडी घालून तयार असत, आणि पाचवा घरी, अडीअडचणीला.

तिचे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते. पोरांना वाचता कुठे येत होतं! ते पोरांच्या अंगात लिहिलेले होते. चप्पल दाराबाहेर. पाय सतरंजीवर. खाली पडलेलं तोंडात घालायचं नाही. बाहेरून आलं की हात कोपरापर्यंत धुवायचे, मोठ्याने वीस म्हणेपर्यंत. कपडा ओला झाला की तो आधी बदलायचा, रडणं नंतर. मधूनमधून मावशी परीक्षाही घ्यायची. सतरंजीच्या बाहेर मुद्दाम एखादा चेंडू सोडायची आणि पडद्याआडून बघत राहायची. नवीन पोर चेंडूमागे धावायचं. जुनी पोरं हाताची घडी घालून ओरडायची, "मावशी, चेंडू बाहेर पडलाय!" मग मावशी पडद्याआडून बाहेर यायची आणि प्रत्येकाला एकेक बिस्किट मिळायचं.

लोक हसायचे तिला. तिच्या तोंडावर नाही, अर्थात. पण जे हसायचे त्यांना माहीत नव्हतं, की पाळणाघरात येण्याआधी ती पाच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आया होती. तिथल्या दुसऱ्या वर्षी जुलाबाची साथ आली. अकरा दिवसांत सात पोरं गेली, त्यातली दोन तिच्या मांडीवर. तेव्हाच्या डॉक्टरांनी भिंतीला टेकून नुसतं एवढंच म्हटलं होतं, की हात धुतले असते तरी वाचली असती. ती अठ्ठावीस वर्षांची होती. त्या दिवसापासून तिने जे हात धुवायला घेतले ते घेतलेच. पाळणाघर तिच्या ताब्यात आल्यावर शहरात कितीतरी साथी येऊन गेल्या, पण निळ्या दाराच्या आत एकही शिरली नाही. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि तो असायलाच हवा होता.

एक मात्र तिला आतून खात होतं. इस्पितळाच्या गच्चीवर चादरी वाळत घातलेल्या असत. आठवड्यातून एकदा ती मोठ्या गटाला, म्हणजे चार-पाच वर्षांच्या पोरांना, कोवळ्या उन्हात तिथे न्यायची. दोन चादरींच्या फटीतून, घरांच्या छपरांच्या पार पलीकडे, एक निळी रेघ दिसायची. दरवर्षी कुणीतरी बोट दाखवायचंच.

"मावशी, ते काय आहे?"

"तो समुद्र."

"आपण जाऊया?"

"जाऊ हं. नेईन एक दिवस."

आणि दरवर्षी तो गट पाच वर्षांचा होऊन शाळेत निघून जायचा. समुद्र बसने पाऊण तासावर होता, पण नेणार कोण आणि परवानगी देणार कोण? आधीच्या तीन बाईंनी "बघू" म्हटलं होतं, आणि "बघू" म्हणजे "नाही" हे इस्पितळातल्या झाडूलासुद्धा ठाऊक होतं. आताच्या मोठ्या बाई पाळणाघराच्या प्रमुख होण्याआधी मुख्य नर्स होत्या. त्यांच्याकडे "बघू" वगैरे नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "लहान मुलं आणि पाणी? नाही."

मावशीची नोकरी संपायला दोन महिने उरले, तेव्हा ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि न सांगता खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती, त्यामुळे मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाई, मी सव्वीस वर्षं पोरांशी खोटं बोलतेय," मावशी म्हणाली. "त्यांना म्हणते, खोटं बोलायचं नाही. आणि दर आठवड्याला गच्चीवर उभं राहून मीच बोलते. एकदा तरी खरं करून जाऊ द्या मला."

मोठ्या बाईंनी एक कागद घेतला आणि त्यावर सोळा अटी लिहिल्या. टोप्या, टॉवेल, प्यायचं पाणी, औषधाची पेटी, पोरामागे दोन जोडी कपडे, गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि असंच बरंच काही. सतरावी अट त्यांनी तोंडी सांगितली.

"मी स्वतः येणार. दोन तास बघणार. मुलं रमली तर पुढच्या वर्षांचा विचार करू. रडारड झाली, मुलं बुजली, तर हा विषय या टेबलावर परत येणार नाही. तुम्ही गेल्यानंतरही नाही. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली, आणि उठताना तिने खुर्ची फडक्याने पुसली.

मग काय विचारता! पुढचे तीन रविवार मावशी नवऱ्याला घेऊन समुद्रावर गेली. नवरा घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बघितलेला माणूस, त्याला एवढा मोठा समुद्र बघून गरगरायला लागलं. मावशी काठी घेऊन पाण्याची खोली मोजत फिरली. मोजली ती कोरड्यावर उभी राहून, लांबून. स्वतः पाण्यात पाय घातला नाही. ओल्या पायांनी सर्दी होते, आणि सर्दी झालेली आया पाळणाघरात चालत नाही.

"अगं, समुद्र बघायला आलीयेस की समुद्राची तपासणी करायला?" घड्याळजींनी विचारलं.

"तुम्ही छत्री सरळ धरा," मावशी म्हणाली.

तिसऱ्या रविवारी तिला हवी तशी जागा सापडली. माडांच्या गर्दीपलीकडे काळ्या खडकांच्या रांगेने समुद्राला बाहेरच अडवून धरलं होतं. आत पाणी असं उथळ, की पोरांच्या गुडघ्याच्या खाली. मोठी लाट खडकावर फुटायची, तिच्यातलं थोडं पाणी आत घुसायचं आणि हळूच काठाला येऊन परत फिरायचं. जवळच जीवरक्षकाची उंच शिडी होती. मावशीने शिडीवरच्या तरुणाला खाली बोलावलं, पोरं कुठल्या दिवशी येणार ते सांगितलं, आणि जाता जाता त्याची नखं बघून घेतली. त्याने मुकाट्याने हात पुढे केले. का केले, हे त्याला पुढे कधी समजलं नाही.

ठरलेल्या सकाळी इस्पितळाची बस निळ्या दारासमोर लागली. बसवाला हा चांगला आडदांड, भरघोस मिशांचा माणूस. तो स्वयंपाकघरातल्या एका बाईचा मुलगा, मावशीच्या अगदी पहिल्या गटातला. अजूनही मावशी समोर दिसली की तो हात पाठीमागे लपवायचा.

"मावशी, मलाही नेणार होतात तुम्ही," तो स्टीअरिंगवरून म्हणाला. "मी सव्वीस वर्षं वाट बघतोय."

मावशीचे कान लाल झाले. "मग आज चल," ती म्हणाली.

दहा पोरं बसली. त्यांत चौकीदाराची मुलगी होती, चार वर्षांची, तिला सगळे फौजदार म्हणत. नियम मावशीने केलेले, पण अंमलबजावणी हिच्याकडे. एक मुलगा होता, त्याचं नाव प्रश्नपत्रिका पडलं होतं. दोघी जुळ्या होत्या, त्या नेहमी एकदमच, एका सुरात बोलायच्या. सगळ्यांत लहान म्हणजे बाळू, पावणेचार वर्षांचा, नुकताच मोठ्या गटात बढती मिळालेला. मोठ्या बाई पुढच्या सीटवर वही घेऊन बसल्या. मावशीच्या अंगावर नवा एप्रन होता, पहाटे उठून इस्त्री केलेला.

बस माडांखाली थांबली आणि समोर तो आला. वाळू इतकी पांढरी की डोळे बारीक करावे लागत होते. जवळचं पाणी हिरवं, लांबचं निळं, आणि खडकांवर पांढरा फेस फुटत होता. माड पाण्याच्या बाजूला वाकून उभे होते. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. प्रश्नपत्रिकेने दोन्ही हात लांब केले आणि विचारलं, "एवढा? सगळा एवढा?"

मावशीचा ऊर भरून आला. तिने सावलीत पाळणाघरातली सतरंजी अंथरली. पोरांनी आपापल्या चपला काढून कडेला ओळीत लावल्या. टोप्या झाल्या, तोंडाला मलम चोपडून झालं. मग मावशीने दोन्ही हात पसरून सांगितलं, "जा! खेळा!"

कुणी हललं नाही.

दहाच्या दहा पोरं सतरंजीवर मांडी घालून बसलेली. एका जुळीने पायाचा अंगठा हळूच काठाबाहेर सरकवला. फौजदारने त्यावर चापट मारली. "बाहेर जातोय!"

"अगं, आज जायचंय बाहेर," मावशी हसून म्हणाली.

"पाय घाण होतील."

"होऊ देत की."

दहा तोंडं एकमेकांकडे वळली. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्या तोंडातून कुणी ऐकलं नव्हतं. फौजदारने डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत सांगितलं, "मावशी परीक्षा घेतेय. कुणी उतरू नका."

मावशीला वाटलं, एवढंच ना! तिने पिशवीतून लाल चेंडू काढला आणि लांब वाळूत टाकला. जन्मभराच्या हुशारीने माणूस कधी कधी नेमका खड्ड्यात जातो, तसं झालं. दहाही पोरांनी हाताची घडी घातली आणि ती एका सुरात ओरडली, "मावशी, चेंडू बाहेर पडलाय!" आणि बिस्किटासाठी हात पुढे केले.

बसवाला फिस्सकन हसला आणि मग मिशीत खोकला. मोठ्या बाईंनी वही उघडली.

मावशीने बादल्या काढल्या, फावडी काढली. वाळूचा छोटा ढीग करून दाखवला, पण तो तिने उभ्याने, वाकून, दोन बोटांनी केला, आणि लगेच हात झटकले. पोरांनी ते झटकणं बरोबर पाहिलं. मग तिने बाळूला उचललं आणि वाळूत उभं करायला गेली. बाळूने दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि तो तिच्या गळ्याला लोंबकळला. तिने खाली ठेवलं की पाय वर, खाली ठेवलं की पाय वर. शेवटी त्याने भोकाड पसरलं. ते ऐकून जुळ्यांचे ओठ थरथरायला लागले. प्रश्नपत्रिकेने विचारलं, "मावशी, समुद्राला साबण लावतात का?"

करायला गेले काय आणि झाले काय! शेजारच्या कुटुंबांची नागडीउघडी पोरं वाळूत लोळत होती, किंचाळत होती, कानात वाळू भरून घेत होती. आणि मावशीची दहा रत्नं सतरंजीवर अशी बसली होती, जणू आता डॉक्टर तपासायला येणार आहेत. पाऊण तास गेला. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या जवळ आल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तेच वाईट होतं.

"राहू द्या, मावशी. मुलांना नाही आवडत. यात तुमचा काही दोष नाही."

दोष नाही! मावशीच्या काळजात ते लागलं, कारण दोष फक्त तिचाच होता. पोरं समुद्राला भीत नव्हती. पोरं तिचं ऐकत होती. जिवापाड जपून, एकेक करून तिने त्यांना जे शिकवलं होतं, ते ती तंतोतंत पाळत होती. अति तिथे माती म्हणतात, इथे तर मातीला पाय लावायची सोय नव्हती. नुसतं "जा" म्हणून काय होणार? पोरांनी तिचे शब्द कधी ऐकलेच नव्हते. पोरांनी कायम तिचे हात पाहिले होते.

आता हे शहाणपण सुचणं सोपं, करणं अवघड. अठ्ठावन्न वर्षांची बाई, समोर वरिष्ठ उभ्या, चारचौघं बघतायत, आणि अंगावर तो एप्रन. त्याहून अवघड म्हणजे तिला स्वतःला ओलं, चिकट, वाळूने माखलेलं राहणं खरोखरच सोसत नव्हतं. विचारानेच तिच्या तळहातांना खाज सुटली. ते वॉर्डातले अकरा दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले. पण ही पोरं आजारी नव्हती. धडधाकट होती, आणि महिन्याभराने तिच्या हाताखालून सुटणार होती.

मावशीने चपला काढल्या. त्या पोरांच्या चपलांशेजारी नीट लावल्या. बाळूला सतरंजीवर ठेवलं. आणि ती वाळूत उतरली.

वाळू गरम होती. बोटांच्या फटीत शिरली. मावशीने सवयीने पाय झाडायला उचलला आणि तो तसाच, न झाडता, पुढे टाकला. मागे सतरंजीवर चुळबुळ झाली, दहाही पोरं उठून उभी राहिली होती. ती चालत राहिली. ओली वाळू लागली, गार. मग पाणी लागलं, पायाच्या घोट्याला.

"मावशी, ओलं!" मागून दहा गळ्यांतून इशारा आला.

मावशी पोरांच्या दिशेने वळली, समुद्राकडे पाठ केली, आणि इस्त्री केलेल्या एप्रनसकट पाण्यात मटकन बसली.

बाहेर खडकावर लाट फुटली होतीच. तिचं उरलेलं पाणी आत आलं, मावशीच्या पाठीवर चढलं, अंबाडा सोडवून गेलं आणि एप्रनच्या खिशात मूठभर वाळू टाकून परत फिरलं. जीवरक्षकाने शिडीवरून सवयीने जोरात शिट्टी फुंकली. मोठ्या बाईंची वही बंद झाली. बसवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला, त्याचं तोंड उघडंच.

सगळ्यांत आधी भानावर आली ती फौजदार. असा गुन्हा तिने तिच्या चार वर्षांच्या आयुष्यात पाहिला नव्हता. ती सतरंजीवरून उतरली, तरातरा वाळू तुडवत निघाली, आणि आपण वाळू तुडवतोय हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"मावशी, ऊठ! आधी ऊठ! कपडे बदल!" तिने मावशीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि ओढायला लागली.

दुसरं पाणी आलं. मावशीने एका हाताने तिला घट्ट धरलं होतं, पण पाण्याने पायाखालची वाळू काढून घेतली आणि फौजदार धपकन मावशीच्या मांडीवर बसली. टोपी गेली. नाकातोंडावरून पाणी ओघळलं. किनाऱ्यावर सगळ्यांनी श्वास रोखून धरला. आता भोंगा वाजणार, आणि तो वाजला की संपलं.

फौजदारने जिभेने वरचा ओठ चाटला.

"खारट आहे," तिने जाहीर केलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं, फ्रॉककडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. "मी घाण झाले."

"झालीस."

"तू रागावणार नाहीस?"

"आज मी फक्त स्वच्छ राहणाऱ्यांना रागावणार आहे," मावशी म्हणाली.

फौजदारने जरा विचार केला. पुढचं पाणी येताना दिसलं तशी तिने मावशीचा एप्रन मुठीत धरला आणि डोळे गच्च मिटले. पाणी आलं, गेलं. डोळे उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की मावशीला वाटलं, देवा, एवढं हसू हिच्याजवळ होतं तरी कुठे? "परत!" फौजदार ओरडली. आणि मग काठाकडे वळून, हात उंचावून, कायद्याच्या आवाजात तिने हुकूम सोडला, "परीक्षा नाहीये! उतरा रे सगळे!"

सतरंजी रिकामी झाली. एका क्षणात नऊ पोरं वाळूवर. जुळ्या हातात हात घालून सरळ पाण्यात शिरल्या आणि एकाच वेळी आडव्या झाल्या. प्रश्नपत्रिका काठावर बसून प्रत्येक लाटेला विचारत होता, "तू कुठून आलीस?" आणि ती उत्तर न देता गेली की दुसरीला विचारत होता. पायाला वाळू लागू न देणारा बाळू आता फावड्याने खड्डा खणून त्यात स्वतः बसला आणि स्वतःवर वाळू ओतायला लागला. कुणी शिंपला दाखवायला आणत होतं, कुणी नुसतंच मावशीच्या पाठीवर चिखल थापत होतं. जीवरक्षक शिडीवरून उतरून गुडघाभर पाण्यात खडकांच्या बाजूने उभा राहिला, आणि हसत राहिला.

"मावशी, मी येऊ?" काठावरून एक जाडाभरडा आवाज आला. बसवाल्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

"विचारतोस काय! सव्वीस वर्षं उशीर केलायस!"

तो आडदांड माणूस धावत आला आणि असा पडला, की पाणी थेट माडांपर्यंत उडालं. पोरांनी त्याच्या पोटावर चढून उड्या मारल्या. मिशांतून पाणी गाळत तो ओरडला, "मावशी, माझी नखं बघू नका हं!" आणि मावशी हसली. ती कशी हसते हे पोरांना माहीत नव्हतं. ती डोकं मागे टाकून, दात दाखवून, खो खो हसली, आणि तिला हसताना पाहून पोरांना आणखीच चेव आला.

मोठ्या बाई काठावर बूट घालून उभ्या होत्या. बाळू खड्ड्यातून उठला, दोन मुठी ओल्या वाळूने भरून त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "धर." त्यांच्या एका हातात वही, दुसऱ्यात पर्स. बाळूने थोडी वाट पाहिली आणि मग वाळू वहीवर ठेवली. मोठ्या बाईंनी वहीकडे पाहिलं, बाळूकडे पाहिलं. मग त्या माडाखाली गेल्या, बूट काढले, मोज्यांच्या घड्या करून बुटांत ठेवल्या, आणि बाळूचं बोट धरून पाण्याच्या कडेने चालायला लागल्या. फार नाही, घोट्यापर्यंतच. पण चालल्या.

दोन तास झाले तेव्हा कुणालाच कळलं नाही. शेवटी मोठ्या बाईंनीच घड्याळ दाखवलं. आसपासच्या आईबापांची आपापली पोरं पाण्यातून ओढून काढायची झटापट चालली होती. मारामारी, रडारड, आमिषं, धमक्या. मावशी उठून उभी राहिली, एप्रन पिळला, आणि तिने तीन टाळ्या वाजवल्या.

दहा पोरं जिथे होती तिथून निघाली आणि तिच्यासमोर एका ओळीत उभी राहिली. वाळूने माखलेली, केस चिकटलेले, नाकं वाहतायत, पण ओळ सरळ. पुढे फौजदार, शेवटी बाळू. तिने नळाकडे बोट केलं आणि ओळ नळाकडे चालायला लागली. मोठ्याने वीस म्हणत हात धुवून झाले, कोपरापर्यंत. जीवरक्षक बघतच राहिला. "मावशी, तुम्ही हे कसं करता?" त्याने विचारलं. मावशी बाळूचे कोपर पुसत राहिली. सकाळी याच शिस्तीने तिचा घात केला होता आणि आता हीच तिला मान मिळवून देत होती. तिची तिला लाज वाटायचं काही कारण नव्हतं.

बसमध्ये पोरं कोरड्या कपड्यांत, टॉवेलात गुंडाळून, चाक फिरायच्या आत झोपली. मावशी मात्र तशीच ओली. पोरामागे दोन जोडी कपडे घेणाऱ्या बाईने स्वतःसाठी एकही जोडी घेतली नव्हती. सीट भिजेल म्हणून ती उभी राहिली, तर बसवाला म्हणाला, "बसा हो मावशी, सीट माझी आहे, मी वाळवेन." मग ती मोठ्या बाईंच्या शेजारी बसली. तिच्या बाजूने खाली पाणी ठिबकत होतं.

मग मोठ्या बाईंनी वही उघडली. पानं ओली होऊन एकमेकांना चिकटली होती, त्यांनी ती फुंकून सोडवली.

"पुढच्या वर्षी तुम्ही नोकरीत नसाल," त्या म्हणाल्या.

"नोकरीत नसेन. शहरात असेन," मावशी म्हणाली. "पाय शाबूत आहेत माझे."

"म्हणजे तुम्ही येणार?"

"मी नाही आले तर यांना सतरंजीवरून उतरवणार कोण?"

मोठ्या बाईंनी पेन काढलं. "ठीक आहे. दरवर्षी एकदा, मोठा गट. पुढच्या वर्षी हीच तारीख. दोन तास."

दुसरी कुणी असती तर तिने हात जोडले असते. मावशीच्या केसांतून वाळू गळत होती, नाकात अजून खारं पाणी होतं, आणि आज तिला कुणाचीच भीती वाटत नव्हती.

"तीन तास," ती म्हणाली.

"मावशी, दोन कबूल झाले होते."

"बाई, पहिला पाऊण तास माझी शिस्त विसरण्यात जातो. तो धरायचा नाही."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या, मोठ्याने, झोपलेली पोरं जागी होतील इतक्या मोठ्याने, आणि दोन खोडून तीन केलं. मावशीने वही आपल्याकडे ओढून ते वाचलं. तारीख वाचली, तास वाचले, "दरवर्षी" हा शब्द परत एकदा वाचला आणि खाली सही करायला लावली. मग एप्रनच्या ओल्या टोकाने तिने डोळे पुसले आणि डोळ्यांत वाळू गेली, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. उद्या पुढच्या गटाच्या पोरांना घेऊन ती गच्चीवर जाणार होती. कुणीतरी बोट दाखवून विचारेल, आपण कधी जाऊया? आणि यंदा तिच्याजवळ सांगायला तारीख होती.